दावण एकवीस

मुक्ताला ठेवून घ्यायचं हे सुभद्रानंच ठरवलं होतं. कुणी गळ घातली नव्हती, कुणी पाया पडलं नव्हतं. पुढं सगळं घडून गेल्यावर ती हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगायची, मी आपणहून ठेवली होती की तिला. आपणहून ठेवली होती म्हणूनच तर जास्त वाईट.

त्या साली बोरखडीच्या आडाचा तळ आश्विनातच दिसायला लागला होता. दिवाळीचे दिवे काढायच्या आधीच मुकादमाचा ट्रक वेशीत येऊन उभा राहिला आणि अर्धं गाव ऊसतोडीला निघालं. सुभद्राचा धाकटा दीर म्हाळू आणि त्याची बायको साखरा दरसालचीच. मागची तीन वर्षं त्यांची मुक्ता आजीपाशी राहायची, पण आजी श्रावणात गेली. ट्रकात पत्रे, भांडी, कोंबड्या चढत होत्या आणि मुक्ता दप्तर पोटाशी धरून उंबऱ्यापाशी उभी होती. चढायचं का उतरायचं, हे कुणीच तिला सांगत नव्हतं.

"मुक्ता राहील माझ्यापाशी," सुभद्रा दारातून म्हणाली. "केतकी आणि ती एकाच वर्गात. एकीला उठवायचं ते दोघींना उठवीन."

साखराचे डोळेच भरून आले. "आक्का, तुमी हायेत म्हणून," एवढंच तिला बोलता आलं.

म्हाळू मात्र ट्रकाच्या फळीवर पाय ठेवून थांबला. "वैनी, तुमी शिकलेल्या, तुमाला म्या काय सांगावं. पर सातवीचं साल हाय. गावातली शाळा सरली आता. गुरुजी म्हणले पोरगी चांगली हाय, तर आठवीला आष्टीला घालू. गुरुजी न्हाई म्हणले, तर मग..." त्यानं ट्रकात उभे करून ठेवलेले कोयते मानेनंच दाखवले. "मग पुढल्या साली आमच्यासंगं. अर्धा कोयता तरी हुईल."

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. मुक्तानं ते ऐकलं आणि दप्तर आणखी घट्ट धरलं.

सुभद्रा बी.ए. झालेली. बोरखडीत बी.ए. झालेली बाई ती एकटीच, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत तिचं नाव होतं. नवरा बंकट गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. केतकी सातवीत आणि धाकटा बबड्या दीड वर्षांचा, छातीत सदा घरघर. त्याच्या खोकल्याच्या आवाजावरून आज दवाखाना की उद्या, हे सुभद्रा ओळखायची. तिला सगळ्याकडंच असं कान लावून बसायची सवय होती. पोरी अभ्यासाला बसल्या की ती भाकरी थापता थापता दोघींकडं बघायची. केतकी पेन्सिल चावायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मुक्ताला संख्यामालिका दिली की ती वहीकडं बघायचीच नाही. मांडीवर बोटानं काहीतरी गिरवायची आणि उत्तर सांगायची.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, शिक्षक दोन. वरच्या वर्गांना गहिनीनाथ गर्जे गुरुजी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांनी सहा पोरं निवडली होती. सकाळी आठ ते दहा आणि शाळा सुटल्यावर तासभर त्यांचा जादा तास. मार्गदर्शिका तीनच होत्या, त्यामुळं पुढं बसणाऱ्यांना एक-एक आणि मागच्यांनी त्यांच्या खांद्यावरून बघायचं. डिसेंबरच्या सराव परीक्षेत तीनशेपैकी मुक्ताला दोनशे बासष्ट मिळाले. केतकीला दोनशे चौदा.

"दोनशे चौदा काय कमी असतात का," सुभद्रा केतकीला म्हणाली. रात्रीच्या जेवणाआधी तिनं दोघींच्याही केसांना तेल लावलं. केतकीला आधी लावलं. हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून मुक्ताला तिनं जास्त वेळ लावलं.

जानेवारीत छावणी उघडली. गावाबाहेरचा पाझर तलाव कोरडाठाक पडला होता, त्याच्याच पोटात दूध संस्थेनं बांबू आणि हिरवी जाळी टाकून जनावरांची सोय केली. प्रत्येक घराच्या जनावरांची एक ओळ, म्हणजे एक दावण, आणि तिला नंबर. सकाळी सातला चारा वाटप, सायंकाळी पाचला मोजणी. दोन्ही वेळा दावणीपाशी घरचं माणूस हजर पाहिजे आणि मोजणीच्या रजिस्टरात त्याची सही पाहिजे. माणूस नसलं तर जनावर कमी. बंकटच्या घरची दावण एकवीस नंबरची. दोन गाया, एक म्हैस, दोन वासरं; त्यातली काळी गाय आणि म्हैस म्हाळूची.

"बसायचं कुणी?" सुभद्रानं विचारलं.

"तू. दुसरं कोण हाय?"

"बबड्याला घेऊन? त्या फुफाट्यात? परवाच दवाखान्यातून आणलाय त्याला."

"मग म्या चाऱ्याचे ट्रक उतरून घेऊ का दावणीला बसू?" बंकट वैतागला. "सेक्रेटरीच्याच दावणीला माणूस न्हाई म्हणल्यावर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. संस्थेचं सगळं माझ्या सहीनं चालतंय." मग जरा थांबून तो म्हणाला, "पोरी हायेत की दोन."

घरात भांडं घासल्याचा आवाज येत होता. मुक्ताच घासत होती.

"मुक्ताला जमतं जनावरांचं," सुभद्रा म्हणाली. "केतकीला तर गाय जवळ येऊ देत नाही." हे खरंच होतं. खरं होतं म्हणून म्हणायला सोपं गेलं. "दोनच दिवस. बबड्याला बरं वाटलं की मी जाईन."

मुक्ता पदराला हात पुसल्यासारखे फ्रॉकला हात पुसत बाहेर आली. "जाते की, मोठी माय. त्यात काय."

दोन दिवसांचे आठ झाले. बबड्याला बरं वाटलं, मग पुन्हा वाटेनासं झालं, मग पुन्हा वाटलं. मुक्ता साडेसहाला निघायची. उसाच्या मोळ्या ओढून आणायच्या, बारीक तोडायच्या, शेण एकीकडं करायचं, टँकर आला की टाकीतून बादल्या भरायच्या. शाळेत यायला अकरा, कधी बारा वाजायचे. साडेचारला पुन्हा दप्तर उचलून छावणीत. सकाळचा जादा तास गेला, सायंकाळचा गेला. सायंकाळी घरी आल्यावर ती केतकीला विचारायची, "आज काय घेतलं गं?" केतकी सांगायची तेवढं सांगायची. पहिल्या आठवड्यात सांगितलं, मग तिलाही कंटाळा आला.

एकदा मुक्ता म्हणाली, "मोठी माय, छावणीतला ऊस कुठून येतो?"

"कारखान्याकडून. तिकडून खालून."

"मग बापू आन् मायनं तोडलेला असंल का ह्यो?" आणि ती हसली. "त्यांनी तोडायचा आन् म्या इथं बारीक करायचा."

सुभद्राही हसली. दुसऱ्या दिवशी जाऊच आपण छावणीत, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बबड्याला ताप होता. अगदी खरा ताप होता. पण त्याच्या कपाळावर हात ठेवल्यावर आपल्याला क्षणभर बरं वाटलं, हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. पोरं बिस्किटाच्या पुड्यांवर तुटून पडली होती आणि बाया लिंबाखाली उभ्या होत्या. गुरुजी सुभद्रापाशी आले.

"ताई, मुक्ताचं काय चाललंय? दहा-बारा दिवस झाले, जादा तासाला नाही. वर्गात आली तर डुलक्या देते. मी तर पहिला नंबर तिचाच धरून चाललोय."

सुभद्रा बोलायला तोंड उघडणार तोवर शेजारची छबुबाई मध्येच म्हणाली, "अवो गुरुजी, ती छावणीत असती. बघावं तवा तीच. लई गुणाची पोर." आणि सुभद्राकडं बघून गोड आवाजात म्हणाली, "तुमची केतकी कावून दिसत न्हाई वो कधी? तिला उसाची ॲलर्जी हाय का काय?"

दोघी-तिघी हसल्या. सुभद्राचे कान तापले. शिकलेली बाई, समितीतली बाई, जावेची पोर राबवायला ठेवलीय. हे कुणी म्हटलं नाही, पण ते सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं तिला दिसलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"मी कितीदा सांगते गुरुजी. तीच ऐकत नाही. तिचं मनच लागत नाही अभ्यासात. जनावरांतच रमते."

गुरुजींना वाईट वाटलं. "असं? मला वाटलं नव्हतं." त्यांनी खिशातली डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. गुरुजींना सगळं टिपून ठेवावं लागायचं. नव्या पद्धतीत प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी लागत.

एवढंच. एका दमात म्हटलेलं वाक्य. सुभद्रा घरी आली, दूध तापवलं, बबड्याला भरवलं. मुक्ता आल्यावर तिच्या ताटात तिनं साय जास्त टाकली. मुक्तानं विचारलं, "आज काय हाय?"

"काही नाही. खा."

पुढच्या सोमवारी केतकी उड्या मारतच घरी आली. "आई, गुरुजींनी मला पुढं बसवलं! मुक्ताची मार्गदर्शिका मला दिली!" मुक्ता तिथंच होती. ती म्हणाली, "नीट वापर. शेवटचं पान फाटलंय, म्या डिंकानं चिकटवलंय."

म्हाळूचा फोन आठवड्याला यायचा, बंकटच्या मोबाइलवर. मुक्ता फोन कानाशी दोन्ही हातांनी धरायची. सुभद्रा कामात असायची, पण कान तिकडंच. "हाव बापू. जाते. शाळंत जाते. हाव, जेवले. न्हाई, काई तरास न्हाई." एकदाही तिनं छावणीचं नाव काढलं नाही. तिनं काढावं, म्हाळूनं ओरडावं, आणि बंकटनं वैतागून म्हणावं की आपण दुसरं माणूस लावू, असं सुभद्राला वाटायचं. म्हणजे आपल्याला काही बोलावं लागणार नाही. पण पोरीनं काढलं नाही.

मार्चमध्ये शिष्यवृत्तीची परीक्षा आष्टीच्या केंद्रावर झाली. दोघी गेल्या, दोघी आल्या. केतकी म्हणाली सोपा होता. मुक्ता म्हणाली, "बुद्धिमत्तेचा येळंत झाला न्हाई. निम्म्यातच घंटी झाली." आणि ती कपडे बदलून छावणीत गेली, कारण साडेचार झाले होते.

एप्रिलच्या शेवटी गुरुजींनी सुभद्राला शाळेत बोलावलं. दुसरे गुरुजी जनगणनेच्या कसल्या कामाला जुंपलेले, सगळ्या प्रगतिपत्रकांचा ढीग एकट्याच्या डोक्यावर. "ताई, तुमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. सातवीची तेवढी उतरवून द्या. नोंदी माझ्या रजिस्टरात तयार आहेत. मी सह्या करतो."

बबड्या फरशीवर खडू खात बसला होता. सुभद्रानं एकेक पत्रक ओढून लिहायला घेतलं. आवड व छंद. विशेष प्रगती. सुधारणा आवश्यक. प्रत्येक पोराचं दोन-दोन ओळीत वर्ष. केतकीच्या विशेष प्रगतीत गुरुजींनी लिहिलं होतं, 'स्पर्धा परीक्षेची तयारी चिकाटीने केली.' ते उतरवताना तिला बरं वाटलं, आणि लगेच पुढचं पत्रक मुक्ताचं आहे हे दिसलं.

गणित, पहिलं सत्र अ-एक, दुसरं सत्र ब-दोन. हजेरी, दुसऱ्या सत्रात निम्म्याहून कमी. आवड: 'गणितातील कोडी सोडवते.' आणि त्याखाली, सुधारणा आवश्यक: 'अभ्यासात मन लागत नाही. जनावरांत रमते.'

वाक्य जसंच्या तसं होतं. गुरुजींनी एक शब्दही इकडचा तिकडं केला नव्हता.

ती उठून दारापर्यंत गेली. गुरुजी व्हरांड्यात पोषण आहाराची पोती मोजत होते.

"गुरुजी, मुक्ताचा तो शेरा जरा... जरा सौम्य करता येईल का?"

"करू की. पण काय लिहू?" गुरुजी थांबले. "तुम्हीच म्हणालात ना, ताई. हजेरी बघा, गुण बघा, सगळं त्याच्याशी जुळतंय. घरच्या माणसानं सांगितलेलं मी कशाला बदलू? दुसरं काही असेल तर सांगा."

दुसरं काही होतं. ते सांगायला एक मिनिट लागलं असतं. गुरुजी वाट बघत उभे होते, सुभद्रा त्यांच्या हातातल्या पोत्याच्या सुतळीकडं बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "राहू द्या."

आत येऊन तिनं ते वाक्य लिहिलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं, रेघ सरळ, वेलांट्या गोल.

दोन दिवसांनी म्हाळू आणि साखरा परत आले. उन्हानं करपलेले, हातांना उसाच्या पात्यांचे चरे. साखरानं मुक्ताला जवळ घेतलं आणि तिचा हात उलटा करून बघितला. तळव्याला घट्टे होते. साखरानं स्वतःच्या तळव्यावर बोट फिरवलं, मग मुक्ताच्या. "जनावरांचं करती का गं?" म्हाळूनं विचारलं. "थोडं थोडं," मुक्ता म्हणाली. सुभद्रा चुलीपुढं होती. तिनं फुंकणी उगाचच फुंकली.

एक मे उजाडला. झेंडा झाला, प्रगतिपत्रकं वाटली. मुक्ता आपलं पत्रक घेऊन रस्त्यातच उभी राहिली होती असं केतकी घरी येऊन सांगत होती. "वाचत बसली एकटीच. मला दाखवलं पण नाही." मागून मुक्ता आली आणि तिनं ते पत्रक बापाच्या हातात दिलं.

अंगणात लिंबाच्या सावलीला सगळी बसली होती. म्हाळूनं पत्रक उलटंसुलटं बघितलं आणि सुभद्रापुढं धरलं. "वाचा वैनी. गुरुजींनी काय लिवलंय ते ऐकू द्या आमाला. पोरीचं पुढचं यातच हाय."

"मुक्ताच वाचेल की," सुभद्रा म्हणाली.

"न्हाई, तुमीच वाचा. तुमचं वाचलेलं कळतंय."

सुभद्रानं वाचायला सुरुवात केली. मराठी, अ-दोन. हिंदी, ब-एक. गणित सांगताना तिनं पहिल्या सत्राचं जोरात वाचलं, दुसऱ्याचं हळू. "आवड व छंद. गणितातील कोडी सोडवते." इथं आवाज चढवून ती म्हणाली, "बघा, गुरुजींनी स्वतः लिहिलंय. गणितातली कोडी." आणि पत्रक मिटलं. घडी करून म्हाळूकडं दिलंसुद्धा.

"मंजी चांगली हाय म्हणा की," साखरा म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

मुक्ता तिच्या मागं उभी होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात फळ्यावरचं चुकलं की गुरुजींना सांगतात, तशी ती म्हणाली, "मोठी माय, एक ओळ राहिली."

बंकटनं वर बघितलं. म्हाळूनं पत्रक पुन्हा पुढं केलं. सुभद्रानं ते उघडलं. अक्षर तिचंच होतं. तिनं वाचलं.

"सुधारणा आवश्यक. अभ्यासात मन लागत नाही. जनावरांत रमते."

म्हाळूनं गुडघ्यावर हात टेकले. "मग झालं की," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. "गुरुजीच म्हणत्यात. आपून उगं कशाला ओढायचं पोरीला? जनावरांत रमती तर आपल्यासंगं येईल."

साखरा मुक्ताकडं बघत होती. "कावून गं? तुला तर शाळंचं लई..."

मुक्ता जमिनीकडं बघत होती. ती काहीच बोलणार नाही, हे सुभद्राला कळलं. मोबाइलवर जशी बोलली नव्हती तशीच. आत्ता आपणही गप्प बसलो तर पुन्हा कधीच कुणी काही बोलणार नाही. दिवाळीला ट्रक येईल. मुक्ता या वेळेला चढेल.

"गुरुजी नाही म्हणत," सुभद्रा म्हणाली.

"मंजी?"

"हे गुरुजींचं नाही. मी सांगितलेलं आहे. त्यांनी विचारलं पोरगी का येत नाही, तर मी म्हणाले तिचं मन लागत नाही. ती सकाळ-संध्याकाळ छावणीत होती, भावजी. जानेवारीपासून. मी पाठवली. रोज."

"अगं, गप बस की," बंकट म्हणाला. "सगळ्यांच्याच घरची माणसं बसत हुती. इलाज हुता का?"

"होता," सुभद्रा म्हणाली. "मी बसले असते तर होता. केतकी एक दिवसाआड बसली असती तर होता." तिचा आवाज फाटला. "ते छबुबाईनं हसून विचारलं आणि मला लाज वाटली. म्हणून पोरीवर ढकललं. आणि केतकीला पुढं बसवलं तर मी गुरुजींना काही बोलले नाही. ते वाक्यही मीच लिहिलंय. बघा, माझंच अक्षर आहे."

केतकी रडायला लागली. बबड्या तिचं बघून रडायला लागला. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

म्हाळू उठला. सुभद्राला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर तिला सोसलं असतं. तो दोन पावलं चालला आणि परत आला. "वैनी, फोनवर एक शबूद बोलला असता. काळी गाय इकली असती म्या. गाय काय, म्हैसबी इकली असती."

साखरा इतकी वर्षं तिला आक्का म्हणत आली होती. ती आता म्हणाली, "तुमी शिकलेल्या म्हणून ठिवली हुती. दुसऱ्या कुणापाशी ठिवली असती तर डोळा ठिवला असता."

मग नवरा-बायको आत गेले. सुभद्रा तिथंच बसून राहिली. आतून हळू बोलल्याचा आवाज येत होता, आणि मध्ये एकदा मुक्ताचा. बाहेर आल्यावर म्हाळू तिच्याशी नाही, बंकटशी बोलला. "दादा, मुक्ताला वडवणीला तिच्या मामाकडं ठिवतो. तिथं हायस्कूल हाय. आठवीला तिथं जाईल. परवा नेऊन सोडतो."

आठवीला जाईल. सुभद्राला वाटलं, आपण रडावं. पण आपलं रडणं इथं कुणाच्या कामाचं आहे, असं वाटून ती उठली.

दुपारी ती पत्रक घेऊन शाळेत गेली. गुरुजी कुलूप लावून निघालेच होते. तिनं गाडीपाशी उभं राहूनच सगळं सांगितलं, एकही शब्द गिळला नाही. गुरुजींनी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "पत्रकात खाडाखोड चालत नाही, ताई," ते म्हणाले. मग पत्रक घेऊन त्यांनी त्या ओळीखाली स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'वरील नोंद चुकीच्या माहितीवर आधारित आहे. विद्यार्थिनी अत्यंत हुशार आहे. घरकामामुळे गैरहजर.' सही केली, शिक्का मारायला पुन्हा कुलूप उघडलं. शिक्का मारून झाल्यावर तिच्याकडं न बघता म्हणाले, "मीही एकदा छावणीत जाऊन बघायला पाहिजे होतं. रस्त्यातच तर होती माझ्या."

सायंकाळी साडेचारला मुक्ता उठली. कुणी काही सांगितलं नव्हतं. बादली घेतली, चप्पल घातली. सवयच ती.

"बस तू," सुभद्रा म्हणाली. "मी जाते."

मुक्ता बादली हातात धरून थोडी थांबली. "काळी गाय डाव्या बाजूनं गेलं तर लाथ मारती," ती म्हणाली. "उजव्या बाजूनं जा." आणि बादली दिली.

सुभद्रा बबड्याला कडेवर घेऊन तलावाच्या पोटात उतरली. फुफाटा उडत होता. बबड्या दोनदा खोकला आणि मग एका वासराकडं बोट दाखवून हसायला लागला. त्याला काही झालं नाही. दावणीपाशी उभं राहून ती उसाचं कांडं तोडायला बघत होती, तोवर मोजणीवाला मुंजाजी रजिस्टर घेऊन ओळीनं आला.

"दावण एकवीस. पाच जनावरं. मुक्ता म्हाळू!" त्यानं खाली बघतच हाक मारली. मग वर बघितलं. "वैनी, तुमी? मुक्ता कुठं गेली?"

"ती येणार नाही. मी आहे."

"सही मुक्ताची लागते. नाव तिचं हाय." त्यानं रजिस्टर तिच्यापुढं उघडलं. पानामागून पान, एकवीस नंबरच्या ओळीत मुक्ताची सही. शाळेच्या हजेरीत जिथं जिथं फुली होती, ते सगळे दिवस इथं होते. आणि सहीच्या पलीकडं, समासात, बारीक पेन्सिलीनं आकडे. २, ६, १२, २०, ३०, ४२. त्याच्याखाली दुसरी मालिका. पानापानावर होत्या. काही खोडून पुन्हा मांडलेल्या.

"रोज काहीतरी आकडे मांडत बसायची," मुंजाजी म्हणाला. "म्या म्हणायचो, पोरी, सरकारी रजिस्टर हाय, घाण करू नकू. ऐकायचीच न्हाई. आता सायबानं बघितलं तर मलाच बोलायचा."

सुभद्रा पानं उलटत राहिली. मार्चचं पान आलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीची सही होती. समासात एक मालिका, चार आकडे, पुढं मोकळी जागा. वेळेत झाली नव्हती.

"वैनी, पुढल्या दावणी राहिल्यात."

"नाव बदला," ती म्हणाली. "एकवीसला माझं लिहा. सुभद्रा बंकट."

"नाव बदलायला अर्ज लागतो. कारण लिवावं लागतंय."

"कागद द्या."

पेंडीच्या पोत्यावर कागद ठेवून, बबड्याला गुडघ्यांत धरून तिनं अर्ज लिहिला. या वेळेला रेघ सरळ आली नाही, पोतं मऊ होतं आणि बबड्या हलत होता. कारणापाशी ती थांबली. काय काय लिहिता आलं असतं. मग तिनं लिहिलं, 'मुक्ता वडवणीला शिकायला जात आहे,' आणि सही केली.

मुंजाजीनं अर्ज वाचला, घडी करून रजिस्टरात ठेवला. "उद्या सात वाजता चारा वाटप, वैनी. उशीर झाला तर मोळी मिळत न्हाई. मुक्ता साडेसहालाच यायची."

"येईन," सुभद्रा म्हणाली, आणि उजव्या बाजूनं गाईपाशी गेली.